बेसबॉल ड्राफ्ट: यादी गुणांची, हिशेब पैशांचा

जुलै जवळ आला की अमेरिकेत होतकरू बेसबॉलपटूंच्या याद्यांना ऊत येतो. कोणत्या हायस्कूलचा शॉर्टस्टॉप (मधल्या जागेचा क्षेत्ररक्षक) पहिला जाणार, कोणत्या कॉलेजच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, कोपर डॉक्टरांच्या तपासणीत टिकणार, यावर रोज नवा अंदाज. मग प्रत्यक्ष ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने मुलं निवडायच्या, रात्री यादीतला दुसरा-तिसरा मुलगा दहाव्या जागेपर्यंत घसरतो आणि आठवा एकदम वर येतो. नव्या प्रेक्षकाला वाटतं, संघवाल्यांना खेळ कळत नाही. कळतो, चांगलाच कळतो. पण ही पद्धत निघाली ती पोरांना द्यावे लागणारे पैसे आवरायला, आणि साठ वर्षं झाली तरी तिचा तो मूळ स्वभाव गेलेला नाही.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांनी आधी तो लिलाव डोक्यातून काढून टाकावा. ड्राफ्टमध्ये बोली नसते. ज्या संघाची पाळी तो एक नाव घेतो, आणि त्या क्षणापासून त्या मुलाशी बोलणी करायचा हक्क फक्त त्या संघाकडे. मुलापुढे दोनच वाटा: घासाघीस करून सहीसाठी मिळेल तो बोनस घ्यायचा, नाहीतर नकार देऊन कॉलेजात खेळायचं आणि पुढच्या एखाद्या ड्राफ्टची वाट बघायची. हायस्कूल संपलेला मुलगा पात्र ठरतो. तो चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर मात्र तिसरं वर्ष पुरं होईपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत थांबावं लागतं. हे सगळं अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोपुरतं. डोमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलाचा मुलगा सोळाव्या वर्षी थेट करार करू शकतो. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले तेही असेच, ड्राफ्टच्या दारातून न जाता.

१९६५ च्या आधी ड्राफ्ट नव्हताच. ज्या संघाचा स्काउट, म्हणजे मुलं हेरणारा माणूस, मुलाच्या घरी आधी पोचेल, आईवडिलांना पटवेल आणि जास्त रक्कम कागदावर लिहील, त्याचा तो मुलगा. त्या काळातल्या करारांत एक कलम असायचं. एकदा सही केली की खेळाडू त्या संघाचा कायमचा बांधील. पगार ठरवणार मालक, विकणार मालक. म्हणजे खेळाडूच्या हातात काही असायचं ते अख्ख्या आयुष्यात एकदाच, पहिल्या सहीच्या आधी. त्यामुळे बोनसचे आकडे फुगत गेले आणि न्यूयॉर्क यांकीजसारखे श्रीमंत संघ चांगला माल उचलत राहिले. १९४९ ते १९६४ या सोळा मोसमांत मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन भागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचं विजेतेपद यांकीजनी चौदा वेळा मिळवलं. बाकीच्या मालकांचं पोट दुखणं साहजिक होतं.

त्यांनी आधी एक अघोरी उपाय करून पाहिला. १९५० च्या दशकात नियम आला की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस घेणाऱ्या नवख्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, शिकायला खालच्या लीगमध्ये पाठवायचं नाही. जास्त पैसे मोजणाऱ्या संघाची एक जागा अडून राहावी, हा हेतू. शिक्षा मात्र भोगली पोरांनी. सँडी कूफॅक्स १९५५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्समध्ये आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढे तो त्याच्या पिढीतला सर्वोत्तम डावखुरा पिचर ठरला, पण पहिल्या दोन मोसमांत मिळून त्याला २८ सामने मिळाले; बाकी वेळ बाकावर. त्याच्यासाठी जागा करायला ज्याला खाली धाडलं तो पिचर म्हणजे टॉमी लसोर्डा. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

कडेलोट झाला १९६४ मध्ये. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा आउटफिल्डर रिक रायकार्ट याच्यामागे संघ हात धुऊन लागले आणि लॉस एंजेलिस एंजल्सनी त्याला २ लाख ५ हजार डॉलर मोजले. मेजर लीगमध्ये एकही चेंडू न खेळलेल्या मुलाला ही रक्कम, जेव्हा नावाजलेल्या खेळाडूंनाही वर्षाला लाखाचा आकडा स्वप्नवत होता! रायकार्ट वाईट खेळला नाही. १९६६ मध्ये एक मूत्रपिंड काढावं लागूनही तो पुढे बरीच वर्षं टिकला. पण त्याचं नाव राहिलं ते त्या रकमेमुळे. वर्षाच्या आत मालकांनी ड्राफ्टवर शिक्कामोर्तब केलं.

८ जून १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्याला पहिली पाळी, म्हणून कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सनी पहिलं नाव घेतलं: ॲरिझोना स्टेटचा रिक मंडे. त्याला मिळाले साधारण एक लाख. रायकार्टच्या निम्मे, तेही एका वर्षात. औषध लागू पडलं होतं. समतोलाचा जो गोड मुलामा दिला होता तोही अगदी खोटा नव्हता, कारण मंडे, सॅल बँडो आणि पुढच्या वर्षी रेजी जॅक्सन अशी भरती करत याच ॲथलेटिक्सनी, ओकलंडला गेल्यावर, १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकली.

पण मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण बेसबॉलमध्ये फारशी चालत नाही, हेही पहिल्याच दिवशी दिसलं. पुढे महान कॅचर (बेसबॉलमधला यष्टिरक्षक) ठरलेला जॉनी बेंच दुसऱ्या फेरीत गेला. नोलन रायन, ज्याने पुढे इतर कोणाहीपेक्षा जास्त फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू खेळू न देता बाद, केले, त्याचं नाव बाराव्या फेरीत २९५ वं निघालं. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी पहिल्या पाळीला स्टीव्ह चिलकॉट हा हायस्कूलचा कॅचर घेतला आणि रेजी जॅक्सनला सोडलं. चिलकॉट मेजर लीगचं मैदान न बघताच निवृत्त झाला. जॅक्सनने ५६३ होमरन मारले. त्याच वर्षी मेट्सच्या पदरात टॉम सीव्हर हा महान पिचर पडला, तो शुद्ध नशिबाने. अटलांटा ब्रेव्ह्जनी त्याच्याशी केलेला करार कॉलेजचा मोसम सुरू झाल्यानंतरचा म्हणून रद्द ठरला, आणि सही केली म्हणून कॉलेजनेही त्याला खेळायला अपात्र ठरवलं. ना घर का ना घाट का. शेवटी तेवढे पैसे द्यायला तयार असलेल्या तीन संघांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि मेट्सची निघाली. तीन वर्षांनी मेट्स जगज्जेते झाले.

हायस्कूलच्या पिचरांचा इतिहास तर धडकी भरवणारा आहे. आजवर पहिल्या क्रमांकावर हायस्कूलचे पिचर फक्त तीन गेले, तिघेही डावखुरे. १९७३ मध्ये टेक्सस रेंजर्सनी ह्यूस्टनच्या डेव्हिड क्लाइडला घेतलं आणि शाळा सुटून तीन आठवडे होत नाहीत तोच थेट मेजर लीगच्या सामन्यात उतरवलं. त्या दिवशी ३५,६९८ लोक आले. आर्लिंग्टनचं स्टेडियम पहिल्यांदा खच्चून भरलं. क्लाइड तो सामना जिंकला. मालकाला गर्दी हवी होती, ती मिळाली. खांदा मात्र पोराचा गेला. एकूण कारकीर्द १८ विजय, ३३ पराभव.

दुसरा ब्रायन टेलर, १९९१. नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्टच्या एका गवंड्याचा मुलगा. यांकीज जे देऊ करत होते ते त्याच्या आईने साफ नाकारलं. आदल्या वर्षी टेक्ससच्या टॉड व्हॅन पॉपलला ओकलंडने १२ लाखांचा करार दिला होता. माझ्या मुलाला कमी का, हा तिचा प्रश्न. सल्ला द्यायला स्कॉट बोरस हा एजंट होता. मुलगा कॉलेजच्या वर्गात जाऊन बसला असता तर यांकीजचा हक्क संपला असता, आणि वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर संघ नमला: साडेपंधरा लाख डॉलर. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्या दिवसापासून प्रत्येक एजंटला कळलं. डिसेंबर १९९३ मध्ये भावाच्या भांडणात पडून टेलरने डावा खांदा मोडून घेतला आणि तो कधीच मेजर लीगमध्ये पोचला नाही. तिसरा ब्रॅडी एकन, २०१४. ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी ६५ लाख कबूल केले, तपासणीत कोपराच्या अस्थिबंधात खोट वाटली म्हणून रक्कम उतरवली, मुलाने सही केली नाही. काही महिन्यांत त्याच कोपरावर शस्त्रक्रिया झाली. भरपाई म्हणून मिळालेल्या पाळीवर ॲस्ट्रोजनी ॲलेक्स ब्रेगमन उचलला. उजव्या हाताचा हायस्कूलचा पिचर पहिल्या क्रमांकावर एकदाही गेलेला नाही. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सेथ हर्नांडेझचं नाव त्या जागेसाठी घेतलं जात होतं. तो सहावा गेला.

टेलरनंतर एजंटांनी ड्राफ्टच्या प्रत्येक कलमाला भिंग लावलं. १९९६ मध्ये पळवाट सापडली: निवडीनंतर ठराविक मुदतीत लेखी प्रस्ताव न दिल्यास मुलगा मोकळा. चार मुलं अशी मोकळी झाली. खुल्या बाजारात ट्रॅव्हिस लीला एक कोटी डॉलर मिळाले आणि मॅट व्हाइटला त्याहूनही जास्त. मोकळं सोडल्यावर खरा भाव किती चढतो, हे तेव्हा दिसलं, आणि ड्राफ्ट मालकांना इतका प्रिय का, हेही. व्हाइट पुढे मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, ही गोष्ट वेगळी.

यादी हा प्रकार त्या मानाने अलीकडचा. पूर्वी मुलांची माहिती स्काउटच्या वहीत असायची आणि ती वही तो कोणाला दाखवायचा नाही. विसापासून ऐंशीपर्यंतचे गुण. फटका, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण, फेक असे पाच निकष. शेतांमधून गाडी हाकत शंभर मैलांवरच्या शाळेचा सामना गाठायचा. १९७० च्या दशकात वेग मोजणारी रडारगन आली आणि ‘हात चांगला आहे’ याच्या जागी आकडा आला. १९८१ मध्ये ॲलन सिम्प्सन या कॅनडाच्या पत्रकाराने बेसबॉल अमेरिका हे नियतकालिक काढलं आणि होतकरूंची क्रमवारी सामान्य वाचकाच्या हातात पडली. पुढे मुलांना एकत्र आणून स्काउटांपुढे खेळवणारे मेळावे आले. आता चौदा वर्षांच्या पोराच्याही चेंडूचा वेग नेटवर सापडतो. पिचरांच्या वाढत्या दुखापतींवर मेजर लीगनेच डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला, त्यात वेगाच्या या हव्यासाकडेच बोट दाखवलेलं आहे. ड्राफ्ट टीव्हीवर दिसू लागला तो २००७ पासून. २००९ मध्ये स्टुडिओत येऊन बसलेला एकच मुलगा होता, न्यू जर्सीचा माइक ट्राउट. थंड प्रदेशातला, म्हणून सामने कमी, म्हणून शंका जास्त. तो पंचविसावा गेला आणि त्याच्या काळातला सर्वोत्तम खेळाडू झाला.

भारतीय वाचकाला जवळचं वाटेल असं नाव कुमार रॉकर. आईकडून आजोळ भारतीय, वडील अमेरिकन फुटबॉलपटू. व्हँडरबिल्टकडून २०१९ मध्ये त्याने ड्यूकविरुद्ध एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, न देता १९ जणांना स्ट्राइकआउट केलं, तेव्हापासून तो यादीत वरच होता. २०२१ मध्ये मेट्सनी त्याला दहावा घेतला, ६० लाखांवर एकमत झालं, आणि तपासणीनंतर मेट्सनी चक्क ठेंगा दाखवला. ड्राफ्टआधी एमआरआय दिलेल्या मुलाला निदान काही रक्कम देऊ करणं संघाला बंधनकारक होतं. रॉकरने तो दिला नव्हता. कोणत्याही मोठ्या संघाशी न जोडलेल्या स्वतंत्र लीगमध्ये काही सामने खेळून २०२२ मध्ये तो रेंजर्सकडे तिसरा गेला, ५२ लाखांवर. आधीच्यापेक्षा सात जागा वर, आठ लाख डॉलर कमी.

हे कोडं सुटतं २०१२ च्या नियमाने. तेव्हापासून पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक पाळीला ठरलेली किंमत असते आणि त्यांची बेरीज म्हणजे संघाची थैली. ती मर्यादेपलीकडे ओलांडली तर पुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची पाळी जाते. पण थैलीच्या आत पैसे कसेही फिरवता येतात. ॲस्ट्रोजनी त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर कार्लोस कोरेयाला ठरल्यापेक्षा बरंच कमी देऊन घेतलं आणि वाचलेले पैसे ४१ व्या पाळीला लान्स मकलर्सला दिले. दोघेही २०१७ च्या विजेत्या संघात होते. तेव्हापासून हा डाव सगळेच खेळतात. शेवटच्या फेऱ्या मात्र कापल्या गेल्या. टॉमी लसोर्डाने मित्राच्या मुलासाठी शब्द टाकला म्हणून डॉजर्सनी १९८८ मध्ये माइक पियाझाला बासष्टाव्या फेरीत घेतलं होतं, आणि तो हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. २०२१ पासून फेऱ्या वीसच. २०२३ पासून पहिल्या सहा पाळ्यांसाठी सोडत निघते, कारण तळाला राहण्यासाठी मुद्दाम हरायची फॅशन आली होती.

२०२५ ची सोडत वॉशिंग्टन नॅशनल्सना फळली. त्यांनी ओक्लाहोमाचा सतरा वर्षांचा शॉर्टस्टॉप एली विलिट्स पहिला घेतला. बहुतेक याद्यांत तो पहिला नव्हता. त्या पाळीची ठरलेली किंमत १ कोटी १० लाखांच्या वर होती, विलिट्सने सही केली ८२ लाखांवर. चौथ्या पाळीला कोलोरॅडो रॉकीजनी त्याच राज्यातला ईथन हॉलिडे उचलला. वडील मॅट १९९८ मध्ये सातव्या फेरीत गेलेले, थोरला भाऊ जॅक्सन २०२२ चा पहिला क्रमांक. खाण तशी माती. ईथनला मिळाले ९० लाख, म्हणजे पहिल्या क्रमांकापेक्षा आठ लाख जास्त.