निळ्या झाकणाच्या टाकीतला युरिया : पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात युरियाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. उसाच्या पट्ट्यात घरटी खताची पोती असतात आणि पुष्कळदा त्याच घराच्या दारात कारखान्याच्या हंगामात धावणारा ट्रकही उभा असतो. त्यामुळे २०२० नंतरच्या डिझेल ट्रकला डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक टाकी असते आणि धूर स्वच्छ करण्यासाठी तिच्यात ‘युरियाचे पाणी’ घालावे लागते, हे कळल्यावर पहिला प्रश्न अगदी स्वाभाविक होता : युरिया घरात आहे, पाणी विहिरीत आहे, मग बाटलीबंद द्रावणाला पैसे का मोजायचे? ४५ किलोच्या अनुदानित पोत्याची किंमत अडीचशे-पावणेतीनशे रुपयांच्या घरात असते. ठरलेल्या प्रमाणाने (वजनात ३२.५ टक्के युरिया, बाकी पाणी) त्यातून सुमारे १२७ लिटर द्रावण होते, म्हणजे लिटरमागे युरियाचा खर्च जेमतेम दोन रुपये. हा हिशेब चुकीचा नाही. तो अपुरा का आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

युरिया प्रयोगशाळेत तयार करण्याचे श्रेय फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. ते साल १८२८. पुढे तो जगभर खत म्हणून पसरला, आणि धुराशी त्याचा संबंध आला तो पुष्कळ उशिरा. डिझेल इंजिनात जास्त तापमानाला हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती नष्ट करण्यासाठी उत्प्रेरकाच्या साहाय्याने अमोनिया वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १९५७ मध्ये घेतले गेले आणि १९७० च्या दशकात जपानने ती वीजकेंद्रांच्या धुरांड्यांवर प्रत्यक्षात आणली. धुराड्याशेजारी अमोनियाची टाकी ठेवता येते, पण धावत्या ट्रकवर हा विषारी वायू बाळगणे धोक्याचे. तेव्हा अमोनियाऐवजी युरिया न्यायचा, त्याचे द्रावण गरम धुरात फवारायचे आणि तिथल्या तिथे अमोनिया मोकळा करायचा, अशी युक्ती निघाली. हा अमोनिया उत्प्रेरकावर ऑक्साइडांशी संयोग पावतो आणि नळीतून निरुपद्रवी नायट्रोजन व वाफ बाहेर पडते.

द्रावणातले ३२.५ टक्क्यांचे प्रमाणही उगाच आलेले नाही. या प्रमाणातले द्रावण उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते आणि युरियाच्या पाण्यासाठी तो सर्वांत खालचा गोठणबिंदू आहे. कोल्हापुरात एवढी थंडी कधीच पडत नाही; मग इथे थोडे पाणी वाढवले तर काय बिघडते, असा युक्तिवाद ऐकू येतो. युक्तिवाद चतुर आहे, पण एकदा प्रमाण ठरले की गाडीचा संगणक प्रत्येक फवारा त्याच हिशेबाने मोजतो, बाहेर बर्फ असो की वैशाखाचे ऊन.

जपानमध्ये २००४ साली, युरोपात त्यानंतर वर्षभरात आणि अमेरिकेत २०१० च्या मानकांबरोबर हे तंत्र ट्रकमध्ये रुळले. द्रावणासाठी आयएसओ २२२४१ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. ‘ॲडब्लू’ हे त्याचे परिचित नाव जर्मन वाहन उद्योग संघटनेच्या मालकीचे आहे. आपल्याकडे मात्र ‘डीईएफ’ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) किंवा नुसते ‘युरिया’ म्हणतात. १ एप्रिल २०१७ पासून देशभर वाहनांच्या धुराचे ‘भारत स्टेज ४’ हे मानक लागू झाले, तेव्हा काही उत्पादकांनी अवजड वाहनांत हे तंत्र आणले होते. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज ६ आले आणि अवजड डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा प्रतिकिलोवॉट-तास ३.५ ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याही खाली गेली. मग ही टाकी टाळणे अवघड झाले.

ट्रकमालकाच्या दृष्टीने ही टाकी विचित्र आहे. डिझेल गाडी पळवते, ऑइल इंजिन सांभाळते. युरियाचे पाणी रस्त्यावरच्या इतरांची हवा स्वच्छ करते आणि खर्च मात्र मालकाचा होतो. जिथे फायदा एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, तिथे काटछाटीचा मोह होतोच. बड्या कंपन्यांनाही तो झाला : या द्रावणाच्या टाकीचा आकार आणि संबंधित तंत्राबाबत संगनमत केल्याबद्दल युरोपीय आयोगाने जुलै २०२१ मध्ये फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला.

आपल्याकडे या मोहाला अनुदानाची जोड मिळाली, आणि तिचा इतिहास जुना आहे. रेशनचे स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळले जाई, म्हणून ते निळे रंगवले गेले. युरियाच्या बाबतीत रंगाची जागा कडुलिंबाने घेतली. देशात तयार होणाऱ्या सर्व अनुदानित युरियावर २०१५ मध्ये कडुलिंबाच्या तेलाचे लेपन सक्तीचे झाले. त्यामागे नत्र जमिनीत सावकाश सुटावे हा एक हेतू होता, आणि शेतकऱ्याच्या नावाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये हा दुसरा. डीईएफ तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर क्वचितच असेल, पण पुढे हेच तेल घरगुती द्रावणात उतरून फवारणीच्या बारीक छिद्रांपर्यंत पोचू लागले.

द्रावण पातळ करणे आणि ते घरी बनवणे यांत लोक फरक करत नाहीत. तो करायला हवा. पातळ केलेले द्रावण लवकर पकडले जाते. बहुतेक नव्या गाड्यांच्या टाकीत तीव्रता मोजणारा सेन्सर असतो आणि नळीतला दुसरा सेन्सर ऑक्साइडांवर नजर ठेवतो. आधी दिवा लागतो, मग ताकद कमी होते. आपले नियम युरोपच्या ज्या युरो ६ या धूर-मानकांवर बेतलेले आहेत, त्यांत पहिल्या टप्प्यात इंजिनाची ओढ एक चतुर्थांशाने घटवली जाते आणि शेवटी वेग ताशी २० किलोमीटरवर आणला जातो. गगनबावड्याच्या घाटात भरलेल्या ट्रकची अशी अवस्था होण्यातला धोका चालकाला समजावून सांगावा लागत नाही.

घरी बनवलेले द्रावण यापेक्षा फसवे असते. युरिया नीट तोलला तर तीव्रता बरोबर येते आणि सेन्सर गप्प राहतो. दूध संकलन केंद्रावर नुसत्या लॅक्टोमीटरला चकवता येते, तसाच हा प्रकार (आणि दुधातल्या भेसळीतही युरियाच असतो, हा योगायोग बोलका आहे). सेन्सरला न दिसणारी घाण मात्र उत्प्रेरकाला दिसते. खताच्या युरियात बाययुरेट (युरिया तयार होतानाच त्यात उतरणारी अशुद्धी) १.५ टक्क्यांपर्यंत चालते. पाण्यात विरघळल्यावर ते कमाल ०.४९ टक्के उरते, तर मानकाची मर्यादा ०.३ आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम यांना प्रत्येकी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. बोअरचे पाणी सोडाच, घरातल्या आरओच्या पाण्यातही क्षार याच्या कितीतरी पट असतात. म्हणून कारखान्यात क्षारमुक्त पाणीच वापरतात. हे क्षार उत्प्रेरकावर साचून त्याची छिद्रे बुजवतात, पोटॅशियम आणि फॉस्फेट त्याला निकामी करतात, आणि अर्धवट विघटित युरियाचे पांढरे खडे नळीत जमतात. बिघाड महिन्यांनी उघड होतो, तोवर कारण विसरलेले असते आणि दोष गाडीवर जातो.

टंचाईतही हा रस्ता सोपा नसतो, हे दक्षिण कोरियात दिसले. चीनने ऑक्टोबर २०२१ मध्ये युरियाच्या निर्यातीवर निर्बंध आणताच तिथल्या ट्रकना द्रावण मिळेना आणि सरकारला ऑस्ट्रेलियातून लष्करी विमानाने साठा आणावा लागला. औद्योगिक युरियापासून वाहनांचे द्रावण करता येईल का, याच्या सरकारी चाचण्याही झाल्या. त्यातल्या ॲल्डिहाइड या अशुद्धीचे प्रमाण मानकात बसेना, म्हणून तो निर्णय लांबणीवर पडला. प्रयोगशाळा हाताशी असलेल्या सरकारने जिथे हात आखडता घेतला, तिथे प्लास्टिकच्या पिंपात काठीने ढवळलेल्या द्रावणाविषयी वेगळे काही लिहिण्याची गरज नाही.

चांगल्या द्रावणालाही आपला उन्हाळा मानवत नाही. २५ अंशांखाली ते दीड वर्ष टिकते, ३५ अंशांच्या आसपास मात्र सहाच महिने. शिरोली-गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलपासून ठेवलेला कॅन दिवाळीनंतर गळीत हंगामाला काढला, तर पावती अस्सल असूनही आतला माल मुदतीत असेल याची खात्री नसते.