मागच्या सहली आणि पुढचा बेत: समरकंद, बुखारा आणि वाळवंटातली एक रात्र

सप्रेम नमस्कार.

आमच्याबरोबर परदेशी जाऊन आलेल्यांसाठी आणि यंदा पहिल्यांदाच पासपोर्ट हातात आलेल्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. पुढची सहल उझबेकिस्तानची. दहा रात्रींत इनमिन चार मुक्काम का, वाळवंटात कशाला जायचं आणि निघण्याआधी तुम्ही काय तयारी करायची, ते यात सांगितलं आहे. दर, हप्ते आणि रद्द करण्याचे नियम सोबतच्या वेगळ्या कागदावर आहेत. तो कागदही वाचा. सही त्यावर करायची असते.

मागच्या सहलींतून काय उरलं

संक्रांतीच्या सुमारास सांगलीत आपला स्नेहमेळावा होतो, तेव्हा आम्ही मुद्दाम कान देऊन बसतो. लोक काय सांगतात यापेक्षा काय पुन्हा पुन्हा सांगतात, ते ऐकायचं असतं.

जपानला जाऊन आलेली मंडळी कुठलं मंदिर कोणत्या दिवशी पाहिलं यावर अजून वाद घालतात. बॅगांचा किस्सा मात्र सगळ्यांना सारखाच आठवतो. शिंकान्सेन, म्हणजे तिकडची बुलेट ट्रेन, मधल्या स्टेशनांवर जेमतेम मिनिटभर थांबते. तेवढ्यात आपला गट, त्यांच्या मोठ्या बॅगा आणि खाऊच्या पिशव्या आत चढवणं म्हणजे दिव्यच. म्हणून टोकियोच्या हॉटेलात काउंटरवर बॅगा दिल्या, चिठ्ठ्या लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या क्योतोच्या हॉटेलात हजर. तिकडे या सेवेला ताक्क्युबिन म्हणतात. आपण एका रात्रीपुरती पिशवी खांद्याला अडकवून मोकळे. मिरजेच्या एक काकू म्हणाल्या, "पोरीच्या लग्नातसुद्धा इतकी बिनघोर नव्हते मी."

व्हिएतनामचं तसंच. हा लाँग उपसागरातल्या बोटीचे फोटो सगळ्यांकडे आहेत, पण गप्पा रंगतात त्या हनोईच्या जुन्या पेठेत रस्ता कसा ओलांडला यावर. स्कूटरचा लोंढा थांबतच नाही. तिथल्या गाइडने युक्ती सांगितली: थांबू नका, पळू नका, मागे फिरू नका, एका चालीने जात राहा, गाड्या तुम्हाला वळसा घालून जातील. तरण्याताठ्या पोरांनी कठड्याला धरून ठेवलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पदर खोचून निघाल्या आणि पलीकडे जाऊन यांना हाका मारू लागल्या.

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखचं स्टेशन 3,454 मीटरवर आहे. वर पोचल्या पोचल्या बर्फाकडे धावणाऱ्यांना गरगरतं. आधी गरम चहा घेऊन, हळूहळू फिरणाऱ्यांना सहसा फारसा त्रास होत नाही. आपल्या गटाने वर निवांत वेळ काढला म्हणूनच तो दिवस सगळ्यांच्या लक्षात आहे. घाईच्या सहलीत तिथे फोटो काढून परत गाडीत बसवतात.

हे सगळं आम्ही एका गोष्टीसाठी सांगतो आहोत. लोकांना जे आठवतं ते बहुतेक वेळा कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं नसतं. दिवसात थोडी सवड असली की घडतं. "बारा दिवसांत आठ देश" अशा जाहिराती आमच्याही हाती येतात आणि "तुम्ही का नाही दाखवत एवढं?" असंही विचारलं जातं. आमचं उत्तर ठरलेलं आहे: रोज सकाळी बॅग भरायची असेल तर देश कुठला याने फारसा फरक पडत नाही. तसाच प्रवास हवा असेल तर तो करणाऱ्या चांगल्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे जरूर जा. आम्ही ठिकाणं कमी ठेवतो आणि दुपारी मोकळीक देतो.

उझबेकिस्तानच का

मेळाव्यात दरवेळी कुणीतरी म्हणतं, पुढच्या वेळी जरा वेगळं दाखवा. जरा वेगळं, पण फार लांब नको, थंडी नको, आणि खर्च युरोपइतका नको. उझबेकिस्तान या सगळ्यात बसतो. दिल्लीहून ताश्कंदला थेट विमान आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तासच मागे आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस पेंगण्यात जात नाहीत.

दुसरं कारण आपलं सांगलीकरांचं. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या बागायतदारांनी द्राक्षं आणि बेदाण्याचा मुलूख म्हणून हा देश एकदा पाहायलाच हवा. समरकंदच्या सियोब बाजारात बेदाण्याचे ढीग लागलेले असतात: काळा, सोनेरी, हिरवट, उन्हात वाळवलेला वेगळा, सावलीत वाळवलेला वेगळा. पाहणीसाठी आम्ही गेलो तेव्हा बरोबर एक बेदाणा व्यापारी होते. त्यांनी एक दाणा उचलला, बोटांत दाबला, उजेडाकडे धरला, चावला आणि भाव विचारला. पलीकडच्या आजीबाईंनी लगेच ओळखलं की गिऱ्हाईक साधं नाही. खालची गोणी उघडून वेगळा माल काढला. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. बेदाणा, अक्रोड, बदाम घ्या. बागायतदारांना मात्र एक विनंती: खरबुजाच्या बिया, द्राक्षाच्या काड्या, रोपं खिशात टाकून आणू नका. परवान्याशिवाय ती भारतात आणता येत नाहीत, आणि विमानतळावर अडकलात तर आम्हाला मधे पडता येत नाही.

मुक्काम

ताश्कंदला दोन रात्री, समरकंदला तीन, वाळवंटातल्या तंबूत एक, बुखाऱ्याला तीन, आणि परतताना ताश्कंदला शेवटची एक.

ताश्कंद हे नाव आपल्याकडे शाळेपासून माहीत असतं ते लालबहादूर शास्त्रींमुळे. 10 जानेवारी 1966 रोजी तिथे भारत-पाकिस्तान करार झाला आणि त्याच रात्री उशिरा शास्त्रीजी गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आणि पुतळा तिथे आहे. पहिल्याच सकाळी तिथे जाऊ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोठा भूकंप झाला, त्यामुळे आजचं शहर बरंचसं नव्याने बांधलेलं आणि रुंद रस्त्यांचं आहे. 1977 मध्ये सुरू झालेली इथली मेट्रो हे स्वतंत्र प्रेक्षणीय स्थळ आहे. स्टेशनांत झुंबरं, संगमरवर, नक्षीच्या फरशा. 2018 पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती, आता खुशाल काढा.

समरकंदला अफ्रोसियोब या वेगवान गाडीने जाऊ. साधारण दोन तास लागतात. स्टेशनात शिरतानाच पासपोर्ट आणि तिकीट पाहतात, सामान यंत्रातून जातं. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच लागतं, म्हणून नोंदणीच्या दिवशीच आम्ही पासपोर्टची प्रत मागतो. "नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो" म्हणणाऱ्यांमुळे सगळ्यांचं एकत्र आरक्षण लांबतं आणि या गाडीच्या जागा लवकर संपतात.

रेगिस्तान चौकाजवळच हॉटेल घेतलं आहे, कारण तो चौक दोनदा पाहायचा: सकाळी गर्दीच्या आधी आणि रात्री दिवे लागल्यावर. तीन बाजूंना तीन मदरसे आहेत. सर्वांत जुना उलुगबेगचा, 1420 मध्ये पुरा झालेला. त्याच्या समोरचा शेर-दोर सतराव्या शतकातला. त्याच्या कमानीवर हरणामागे धावणारे वाघ आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचे सूर्य आहेत. दुर्बीण असेल तर आणा, बारकावे वर आहेत.

उलुगबेग हा तैमूरचा नातू, गादीवर असून आकाशात रमलेला. ग्रहताऱ्यांची उंची मोजायला त्याच्या वेधशाळेत एक भलामोठा चाप, म्हणजे वर्तुळाचा तुकडा, होता; त्याचा जमिनीखालचा, दगडात कोरलेला भाग 1908 मध्ये उत्खननात सापडला. त्याने हजारावर ताऱ्यांची स्थानं नोंदवून यादी केली. पुढे जयपूरच्या सवाई जयसिंगाने जंतरमंतर उभारताना याच परंपरेचा आधार घेतला. बऱ्याच सहलींत इथे दहा-पंधरा मिनिटं देतात. आम्ही अख्खी सकाळ ठेवली आहे, कारण जे जयपूरला जाऊन आलेत त्यांना इथून हलवणं अवघड जाईल असा आमचा अंदाज आहे.

शाहे-जिंदाच्या कबरींची गल्ली निळ्या फरशांसाठी पाहायचीच, पण पायऱ्या चढाच्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी बरोबर ठेवावी. घाई अजिबात नाही.

बुखारा हे चालत फिरायचं गाव. 1127 मध्ये बांधलेला कल्याण मिनार, त्याखालचं मोठं पटांगण, छतांखालचे जुने बाजार आणि संध्याकाळी लबी-हौज तळ्याच्या काठावर तुतीच्या झाडांखाली चहा. तिथे तीन रात्री ठेवण्याचं कारण एवढंच की गाव दुपारी झोपतं आणि सहानंतर जागं होतं. आपणही तसंच करू.

खिवा का नाही, असं विचारलं जाईल. खिवा सुंदर आहे, यात वाद नाही. पण बुखाऱ्याहून रस्त्याने किझिलकुम वाळवंट पार करत जवळजवळ दिवस जातो. ज्यांची हौस आहे त्यांच्यासाठी शेवटी तीन दिवसांची जोड-सहल आहे; परत येताना उर्गेंच ते ताश्कंद विमान. बाकीचे ठरलेल्या दिवशी घरी.

तंबूतली रात्र: नीट वाचून ठरवा

समरकंद ते बुखारा थेट न जाता एक रात्र आपण नुराताच्या पुढे, ऐदारकुल सरोवराजवळ राहणार आहोत. हे सरोवर फार जुनं नाही. 1969च्या मोठ्या पुरात सिर दर्या नदीचं पाणी धरणातून सखल भागात सोडलं, त्यातून ते पसरलं. वाळवंटाच्या कडेला एवढं पाणी पाहून चक्रावायला होतं.

राहायचं ते युर्टमध्ये, म्हणजे लाकडी सांगाड्यावर लोकरीचा नमदा घातलेल्या गोल तंबूत. इथे हॉटेलच्या सोयी नाहीत. झोपायला जमिनीवर जाड गाद्या. एका तंबूत चार-पाच जण. बायकांचे, पुरुषांचे तंबू वेगळे. संडास-बाथरूम तंबूपासून काही पावलं दूर, रात्री बॅटरी घेऊन जायचं. पहाटे थंडी वाजते. बदल्यात उंटाची रपेट, शेकोटी आणि असं आकाश, जे आपल्याकडे आता गावातही दिसत नाही. जमिनीवर बसता-उठता येत नसेल, रात्री वारंवार उठावं लागत असेल, तर हा मुक्काम टाळा. समरकंदला एक रात्र जास्त राहून दुसऱ्या दिवशी गाडीने बुखाऱ्याला येण्याची सोय केली आहे, त्यासाठी जादा पैसे नाहीत. यात कमीपणा मानू नका.

जेवण

आम्ही महाराज बरोबर नेत नाही. कुकरच्या शिट्ट्या ऐकायला एवढ्या लांब जायचं नसतं, असं आमचं मत आहे. पण दिवसातलं एक जेवण भारतीय असेल. समरकंद, बुखारा, ताश्कंद या शहरांत वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली मुलं मोठ्या संख्येने आहेत, मराठी मुलंही भेटतात, त्यामुळे वरण-भाताची अडचण येत नाही.

तिथलं मुख्य अन्न म्हणजे प्लोव: मोठ्या कढईत मटण, गाजर आणि तांदूळ. ते दुपारी खातात, उशिरा गेलात तर कढई रिकामी. शाकाहाऱ्यांनी सावध राहायचं. मटण बाजूला काढून तोच भात "यात काही नाही" म्हणून वाढला जाऊ शकतो, आणि भोपळ्याच्या समशातही (तिथल्या समोशात) कधी चरबी असते. त्यामुळे शाकाहारी मंडळींनी टूर मॅनेजरला विचारल्याशिवाय घास घेऊ नये. तंदूरमधला गोल नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही, खरबूज आणि द्राक्षं मात्र पोटभर. नान उलटा ठेवू नका, त्यांना ते आवडत नाही. जैन जेवण हवं असल्यास नोंदणीच्या वेळीच सांगा. तंबूतल्या रात्री आमच्याकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असेलच.

कधी, आणि काय तयारी

अनंत चतुर्दशी झाली की निघायचं आणि घटस्थापनेच्या आत घरी. पितृपंधरवड्यात प्रवास कसा, असं काहींना वाटेल. घरच्या महालयाची तिथी आधी पाहून घ्या. आम्ही हवेचा विचार केला आहे. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीवर जातो, हिवाळ्यात शून्याखाली. या दिवसांत हवा छान आणि फळांचा हंगाम.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने वैध हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. ई-व्हिसा आम्ही काढतो. विमा सहलीच्या दरात आहे, पण बीपी, साखर, हृदयविकार जे असेल ते अर्जात खरं लिहा. लपवलं तर ऐन वेळी दावा नाकारला जातो.

औषधांबाबत तिथले नियम कडक आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या नेण्याआधी आम्हाला विचारा. नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या; डब्यात सुट्या करून नकोत. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच.

पैसे डॉलरमध्ये न्या, नोटा कोऱ्या आणि न फाटलेल्या असाव्यात. तिथलं चलन सोम. चहाचं बिलही हजारांत येतं, दचकू नका. सहलीच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आम्ही तुमच्याकडून आगाऊ गोळा करून सरकारात भरायचा कर, लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो; पावती आमच्याकडून मागून घ्या आणि तुमच्या सीएंना द्या. त्याचा दर बदलत राहतो, भरणा करताना जो असेल तो लागू.

सांगलीहून मुंबई विमानतळापर्यंतची बस आमची. मोठी बॅग एकच, आणि ती स्वतःला उचलता आली पाहिजे; ताक्क्युबिन तिकडे नाही.

जागा पक्की करायला पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, पॅनची प्रत आणि आगाऊ रक्कम घेऊन ऑफिसात या. येताना तंबूतल्या रात्रीबद्दल होय की नाही ते घरात बोलून ठरवून या. नवरा-बायकोची उत्तरं वेगळी असली तरी चालतील, तशी सोय होते.