भाजलेली माती (काँक्रीटमधील वापर)

चिकणमाती साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजून बारीक दळली, की तिची भुकटी चुन्याच्या किंवा सिमेंटच्या मालात जोडद्रव्य म्हणून चालते. कच्ची माती मात्र काँक्रीटची वैरीणच. वाळूतून आलेली माती खडीला चिकटून बसते, सिमेंटला धरू देत नाही आणि पाणीही जास्त पिते. म्हणूनच भारतीय मानक ३८३ नुसार नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनहून बारीक कण वजनाने ३ टक्क्यांपर्यंतच चालतात.

भाजल्याने केओलिनाइट या खनिजातले बांधीव पाणी निघून जाते, त्याची घडी मोडते आणि ते मेटाकेओलिन बनते. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना विरीचा चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) मोकळा सुटतो. तो ताकद फारशी देत नाही आणि पाण्याबरोबर झिरपून जातो. मेटाकेओलिन नेमका हाच चुना पकडून त्याचे बंधक द्रव्य बनवते, त्यामुळे आतली छिद्रे बुजतात.

आपल्याकडे हे काम सुरखीने, म्हणजे विटांच्या भुकटीने, पूर्वीपासून केले. चर खणून त्यात चुना, वाळू, सुरखी टाकायची आणि बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाखाली पाणी शिंपत मळायची, ही चुन्याची घाणी. मुल्लपेरियार (१८९५) आणि कृष्णराजसागर ही धरणे चुना-सुरखीत बांधलेली आहेत. सुरखीसाठी किंचित कमी भाजलेली वीटच घ्यावी. जळून काचेसारखी झालेली खंगर वीट चुन्याशी फारशी संयोग पावत नाही.

आजचे रूप म्हणजे एलसी-३, म्हणजे चुनखडी आणि भाजलेली माती मिसळलेले सिमेंट: ५० टक्के क्लिंकर (चुनखडी आणि माती भट्टीत भाजून बनणारे सिमेंटचे मूळ गोळे), ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी, ५ टक्के जिप्सम. क्लिंकरला सुमारे १४५० अंश तापमान लागते, शिवाय चुनखडी फुटून कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून निम्मा क्लिंकर वाचणे ही मोठी गोष्ट आहे. भारतीय मानक १८१८९ (२०२३) अशा सिमेंटसाठी आहे. सिंधुदुर्गातल्या चिनी मातीत केओलिनाइट असते. देशावरच्या काळ्या मातीत मुख्यतः फुगणारे मॉन्टमोरिलोनाइट असल्याने ती भाजूनही तितकी उपयोगी पडत नाही.

ओल्या मालाची गोष्ट उलटी. भाजलेल्या मातीचे अतिबारीक कण पाणी धरतात, त्यामुळे स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, घटतो आणि माल ओतायला जड जातो. अशा वेळी मिक्सरमध्ये पाणी वाढवणे सगळ्यात वाईट, कारण मिळवलेली ताकद तिथेच जाते. त्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन, घालावा. मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर निदान १० दिवस, कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारावे लागते.