मक्याच्या बियाण्यापासून जनुकांच्या नकाशापर्यंत : छोट्या परिषदांची पार्श्वभूमी

जनुकशास्त्रात एकट्याने फार पुढे जाता येत नाही. कारण कामाची सामग्रीच जिवंत असते: बियाणं, माश्यांचे वाण, जिवाणूंचे संवर्ध. दोन प्रयोगशाळांना सारखी दिसणारी अप्रभावी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणारे बदल, सापडली, तर बिघाड एकाच जनुकात आहे की वेगवेगळ्या, हे त्यांचा आपसात संकर केल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी दुसऱ्याचा वाण हातात यावा लागतो, आणि तो विश्वासाने देणारा माणूस ओळखीचा असावा लागतो. या विषयातल्या छोट्या परिषदांचं मूळ याच गरजेत आहे.

१९२८ च्या अखेरीस न्यूयॉर्कला विज्ञानाचं मोठं संमेलन भरलं होतं. तिथे रॉलिन्स इमर्सन यांनी मक्यावर काम करणाऱ्यांना आपल्या हॉटेलच्या खोलीत बोलावलं. मक्याचं शेतात वर्षाला एकच पीक निघतं. एक संकर आणि त्याच्या पुढच्या पिढीची मोजणी यात दोन-तीन हंगाम सहज जातात. दोघांनी नकळत तेच काम हाती घेतलं, तर ती सगळी वर्षं वाया. मक्यात गुणसूत्रांच्या १० जोड्या, म्हणून सहलग्न, म्हणजे एकाच गुणसूत्रावर असल्याने एकत्र वारसाने येणाऱ्या, जनुकांचे गटही १०. हे गट माणसागणिक वाटून घ्यायचे आणि न छापलेली माहिती सगळ्यांना कळवायची, अशी रीत पडली. १९३२ मध्ये इथाका इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेळी या सहकार्याला रीतसर रूप आलं: सामाईक बियाणं आणि नियमित वार्तापत्र. मक्याची स्वतंत्र वार्षिक परिषद १९५९ पासून भरू लागली.

फाजच्या, म्हणजे जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंच्या, अभ्यासात वेगळीच अडचण होती. प्रत्येक जण आपापला फाज आणि आपापला जिवाणू वापरायचा, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नव्हता. १९४४ मध्ये माक्स डेलब्रुक यांनी आग्रह धरला: फाज फक्त टी१ ते टी७ या नावांचे सात, जिवाणू आतड्यातल्या ई. कोलायचा बी वाण, परिस्थिती सारखी. १९४५ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन केंद्रात उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू झाला. १९४७ च्या पहिल्या फाज बैठकीला आठ जण होते. एवढ्या थोड्या लोकांत ठरलेला नियम मोडणं अवघड जातं, हे छोटेपणाचं बळ.

दुसरं बळ म्हणजे समोरासमोरची तपासणी. १९४६ च्या कोल्ड स्प्रिंग हार्बर परिसंवादात २१ वर्षांच्या जोशुआ लेडरबर्ग यांनी एडवर्ड टेटम यांच्यासोबतचं काम मांडलं: जिवाणूंमध्येही जनुकांची नवी जुळणी होते. एका वाणाला काही पोषकं बनवता येत नव्हती, दुसऱ्याला वेगळी काही. दोन्ही एकत्र वाढवून, धुऊन, ती पोषकं नसलेल्या माध्यमावर पसरले, तर साधारण एक कोटी पेशींमागे एक वसाहत उगवली. प्रत्येक वाणात एकाहून अधिक बिघाड मुद्दाम ठेवले होते. एकटा बिघाड आपोआप दुरुस्त होऊ शकतो; दोन एकदम होण्याची शक्यता नगण्य. तरीही आंद्रे ल्वोफ यांनी शंका काढली: दोन वाण शेजारी बसून एकमेकांना पोसत असतील तर? वाद लांबला. तेव्हा मॅक्स झेले यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी वेगळी करण्यात मदत करायची तयारी दाखवली. एकटी पेशी त्या माध्यमावर वाढली की शेजाऱ्याचा प्रश्नच उरत नाही. हरकत, तिचं उत्तर आणि उत्तराची पद्धत एकाच सभागृहात मिळाली. पत्रांतून याला महिने लागले असते.

मानवी जनुकशास्त्राला वळण देणारी बैठक तर विद्यार्थ्यांच्या कामाच्या आढाव्याची होती. एप्रिल १९७८, युटा राज्यातलं आल्टा. मार्क स्कॉलनिक यांच्या गटातला विद्यार्थी शरीरात लोह साठण्याच्या आनुवंशिक आजाराचं काम मांडत होता: आजाराचं जनुक प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकांच्या जवळ असतं आणि त्यांच्याबरोबरच वारसाने येतं. बाहेरून आलेले डेव्हिड बॉटस्टीन आणि रोनाल्ड डेव्हिस यीस्टवर काम करणारे. डीएनए कापणाऱ्या विकरांनी पडणाऱ्या तुकड्यांची लांबी माणसामाणसांत वेगळी असते, तर हाच फरक गुणसूत्रांवरची खूण म्हणून का वापरू नये, हा विचार त्या चर्चेत पुढे आला. रे व्हाइट त्यात सामील झाले आणि १९८० मध्ये चौघांचा निबंध आला: किमान १५० खुणा नीट विखुरलेल्या असल्या, तर मानवी जनुकांचा नकाशा बांधता येईल. १९८३ मध्ये अशाच एका खुणेने हंटिंग्टन आजाराचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर दाखवलं.

इतकं मोकळं बोलायला संरक्षण लागतं. १९३१ मध्ये सुरू झालेल्या गॉर्डन परिषदांनी ते नियमाने दिलं: ध्वनिमुद्रण नाही, परवानगीशिवाय उल्लेख नाही, सत्रं सकाळी आणि रात्री, दुपार मोकळी. १९७३ च्या न्यूक्लिक आम्लांवरच्या परिषदेत डीएनए जोडण्याच्या तंत्राचे धोके समोर आले, तेव्हा उपस्थितांनी मतदान करून जाहीर पत्र लिहिलं. त्यातूनच या तंत्राच्या सुरक्षिततेवरची १९७५ ची असिलोमार परिषद घडली.

छोटी म्हणजे किती? हिशेब जेवणाच्या टेबलावर मांडावा. चार दिवसांत १२ वेळा खाणं. टेबलाला सहा जण धरले, तर दर वेळी पाच नवे, म्हणजे जास्तीत जास्त ६०. शंभराच्या आतबाहेर संख्या असेल, तर पोस्टरपाशी उरलेले भेटतात. हजारांत माणूस ओळखीच्यांनाच धरून राहतो. समांतर सत्रं आली की सगळ्यांनी एकच व्याख्यान ऐकलेलं नसतं, आणि रात्रीची चर्चा तिथेच विझते.

केवळ संख्या कमी ठेवून भागत नाही. १९५१ मध्ये बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी जागा बदलणाऱ्या जनुकीय घटकांचं काम कोल्ड स्प्रिंग हार्बरलाच मांडलं, पण ते तेव्हा फार थोड्यांच्या पचनी पडलं. नेहमीची चूक मात्र वेळेची असते. २० मिनिटांत १५ बोलायला आणि पाच प्रश्नांना ठेवलेली असतात; वक्त्याने तीन मिनिटं जास्त घेतली की ल्वोफसारख्या हरकतीला दोनच उरतात. दुसरी चूक यादीची. निमंत्रणं जुन्याच मंडळींनी जुन्यांनाच धाडली, तर आल्टाला यीस्टवाले आले तसं बाहेरचं कुणी येत नाही. त्यामुळे काही जागा विद्यार्थ्यांसाठी आणि शेजारच्या विषयातल्यांसाठी आधीच बाजूला काढाव्या लागतात, अर्ज उघडण्यापूर्वी.