अमेरिकेत पक्षाची अध्यक्षीय उमेदवारी : मागच्या रांगेतल्या उमेदवाराचा अर्ज नेमका कुठे अडकतो

नाव फारसं कुणाला माहीत नाही, हाताशी पैसा नाही, पक्षातले मोठे नेते पाठीशी नाहीत. असा माणूस डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवू शकतो का? मिळवू शकतो. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी ती मिळवली. पण दर निवडणुकीत असे बरेच जण मतदारापर्यंत पोचण्याआधीच बाद होतात, आणि त्यांना पाडतात ते कागद. भाषण जोरदार असतं, गर्दीही जमते, पण सह्या कमी भरतात, नाहीतर डेलिगेटांची, म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींची, यादी अपुरी राहते.

पात्रता

राज्यघटनेच्या तीनच अटी आहेत : जन्मतः अमेरिकी नागरिकत्व, वय किमान ३५ आणि देशात १४ वर्षांचं वास्तव्य. पहिली अट आपल्या लोकांना नेहमी गोंधळात पाडते. नंतर नागरिकत्व घेतलेली व्यक्ती काँग्रेसमध्ये (अमेरिकी संसदेत) जाऊ शकते, राज्याची गव्हर्नर होऊ शकते, अध्यक्ष मात्र होऊ शकत नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेले, पण अध्यक्षपदाचा रस्ता त्यांना बंद आहे. निकी हेली आणि विवेक रामस्वामी यांचे आईवडील भारतातून गेलेले, पण दोघांचाही जन्म अमेरिकेतला, म्हणून २०२४ मध्ये त्यांना रिंगणात उतरता आलं.

केंद्रीय नोंदणी

प्रचारासाठी ५,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमवली किंवा खर्च केली की १५ दिवसांत फेडरल इलेक्शन कमिशनकडे (केंद्रीय निवडणूक आयोगाकडे) फॉर्म २ द्यायचा, आणि त्यानंतर १० दिवसांत प्रचार समितीचा फॉर्म १. शुल्क नाही. दर निवडणुकीत शेकडो लोक हा फॉर्म भरतात आणि त्यातल्या अनेकांना वाटतं की आपलं नाव आता मतपत्रिकेवर आलं. तसं होत नाही. ही फक्त पैशाच्या हिशेबाची नोंदणी आहे. मतपत्रिका राज्यांच्या आणि राज्यातल्या पक्षांच्या हातात असते, आणि प्रत्येक राज्याचा फॉर्म, शुल्क आणि तारीख वेगळी.

मतपत्रिकेवर नाव : खरी अडचण इथे

न्यू हॅम्पशायरमध्ये १,००० डॉलर आणि एक प्रतिज्ञापत्र दिलं की काम होतं. साउथ कॅरोलायनात रिपब्लिकन पक्षाने २०२४ साठी ५०,००० डॉलर घेतले. लहान उमेदवाराची महिनाभराची जमा तिथे एका चेकमध्ये संपते. इंडियानात पैशांऐवजी सह्या लागतात : ४,५०० आणि त्यातही राज्यातल्या ९ काँग्रेस मतदारसंघांपैकी प्रत्येकातून किमान ५००. शिवाय या सह्या आधी काउंटी (जिल्हा) कार्यालयातून तपासून घ्याव्या लागतात. त्यामुळे राज्याची शेवटची तारीख बघून जो थांबला, त्याची खरी तारीख केव्हाच उलटून गेलेली असते.

व्हर्जिनियाचं उदाहरण प्रत्येक प्रचारप्रमुखाने भिंतीवर लावावं. २०१२ च्या रिपब्लिकन प्रायमरीसाठी (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानासाठी) तिथे १०,००० वैध सह्या हव्या होत्या, प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून किमान ४००. मुदत २२ डिसेंबर २०११. न्यूट गिंगरिच तेव्हा त्याच राज्यात राहत होते आणि सर्वेक्षणांत आघाडीवरही होते. सह्या त्यांनी १०,००० च्या वर दिल्या, पण छाननीत वैध सह्या कमी भरल्या आणि नाव गेलं. टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांचंही गेलं. उरले दोघे, मिट रॉम्नी आणि रॉन पॉल. पेरी न्यायालयात गेले, बाद झालेले इतर मागोमाग गेले, आणि न्यायालयाने सांगितलं की अट आधीपासून माहीत असताना तुम्ही फार उशिरा आलात. प्रायमरीत कोऱ्या जागेवर नाव लिहिण्याची सोयही व्हर्जिनियात नाही, म्हणजे तोही मार्ग बंद. आता तिथली अट ५,००० सह्या आणि प्रत्येक मतदारसंघातून २०० अशी सैल झाली आहे, पण छाननी तीच आहे.

सही बाद होण्याची कारणं दरवर्षी तीच असतात. सही करणारा नोंदणीकृत मतदार नसतो. घर बदललेलं असतं आणि यादीत जुना पत्ता असतो. अक्षर लागत नाही. एकाच माणसाने दोनदा सही केलेली असते. कागद एका मतदारसंघाच्या गठ्ठ्यात आणि माणूस शेजारच्या मतदारसंघातला. सगळ्यांत वाईट म्हणजे सह्या गोळा करणाऱ्याचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र नसतं, मग त्या पानावरच्या सगळ्याच सह्या जातात. म्हणून मागितल्या तेवढ्यावर थांबू नका, किमान दीडपट जमवा. व्हर्जिनियात २०१२ ला १५,००० च्या वर सह्या देणाऱ्याची छाननीच करायची नाही असं राज्यातल्या पक्षाने ठरवलं होतं. ज्यांच्याकडे माणसं होती त्यांना हे सोपं गेलं. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची एकेक सही मोजली गेली. नियम सगळ्यांना एकच असला तरी त्याचा भार गरीब प्रचारावरच पडतो, आणि हे बदलायला हवं.

डेलिगेटांची यादी : विसरला जाणारा कागद

लोक मतं मोजतात, उमेदवारी मात्र डेलिगेट मोजून मिळते. काही राज्यांत उमेदवाराच्या नावाबरोबर प्रत्येक मतदारसंघातल्या आपल्या डेलिगेटांची नावं आधीच द्यावी लागतात. रिक सँटोरम यांनी २०१२ मध्ये ओहायोत रॉम्नींना जवळजवळ बरोबरीत गाठलं, पण १६ पैकी ३ मतदारसंघांत त्यांच्या बाजूने एकही डेलिगेट दाखल नव्हता. ही यादी मतदानाच्या कित्येक महिने आधी द्यायची असते, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा आपल्या उमेदवाराला कुणी ओळखतही नसतं.

कॉकसच्या, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभांत जमून उमेदवार निवडणाऱ्या, राज्यांत पहिल्या रात्रीनंतर काउंटी, मतदारसंघ आणि राज्य अशी अधिवेशनं होतात. तिथे शेवटपर्यंत बसणारी माणसं लागतात. आयोवात २०१२ ला त्या रात्री रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं, नंतर मोजणीत सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाची २८ पैकी २२ मतं तिसऱ्याच माणसाला पडली : रॉन पॉल यांना. त्यांचे कार्यकर्ते प्रत्येक पायरीवर हजर होते.

गणित

डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात, पण किमान १५ टक्के असतील त्यालाच. १४.९ टक्के मिळाले तर शून्य. ही अट राज्याला वेगळी आणि प्रत्येक मतदारसंघाला वेगळी लागते, त्यामुळे राज्यभर १२ टक्के असलेला उमेदवारही एखाद्या विद्यापीठाच्या शहरात १५ ओलांडून डेलिगेट घेऊ शकतो. पैसे कमी असतील तर ते तिथे घाला.

दुसरी खूण सम आणि विषम आकड्यांची. दोघांत लढत आहे आणि मतदारसंघाला ४ डेलिगेट आहेत, तर ६२.५ टक्क्यांच्या खाली सगळं २-२ असंच वाटलं जातं. ५ डेलिगेट असतील तर ५० च्या थोडं वर गेलं तरी ३-२. म्हणून जिंकण्यासाठी विषम मतदारसंघात उतरायचं आणि सम मतदारसंघात फक्त हरण्याचं अंतर कमी ठेवायचं. २००८ मध्ये ओबामांच्या लोकांनी हे मन लावून केलं. न्यू जर्सीसारख्या मोठ्या राज्यात हिलरी क्लिंटन जिंकल्या आणि त्यांना ११ डेलिगेटांची आघाडी मिळाली. त्याच दिवशी आयडाहोच्या छोट्या कॉकसमध्ये ओबामांनी १५-३ असे डेलिगेट घेतले, म्हणजे १२ ची आघाडी. आयडाहोकडे दुसऱ्या कुणी फारसं लक्षच दिलं नव्हतं.

रिपब्लिकन पक्षात वाटपाची रीत राज्यागणिक बदलते आणि अनेक ठिकाणी पहिल्या येणाऱ्यालाच सगळं मिळतं. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात डोनाल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली आणि ५० च्या ५० डेलिगेट मिळाले. उमेदवारांची गर्दी मोठी असेल तर तिथे एक तृतीयांश मतंही पुरतात. पण गर्दी ओसरून दोघेच उरले की हाच नियम मागच्याला संपवतो.

मतदाराची मुदत

आपला समर्थक मत देऊ शकतो का, हेही तपासावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी फक्त पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांसाठी असते. १९ एप्रिल २०१६ च्या मतदानासाठी पक्ष बदलून घेण्याची शेवटची तारीख ऑक्टोबर २०१५ मध्येच होती. ती चुकल्यामुळे ट्रम्प यांची दोन मुलं, इव्हांका आणि एरिक, वडिलांना मत देऊ शकली नाहीत. सामान्य मतदाराला ही तारीख आपणहून कोण सांगणार? नोंदणीची तारीख प्रचाराच्या पत्रकात सगळ्यांत वर छापा.

वादसभा आणि पैसा

टीव्हीवरच्या वादसभेत जागा मिळण्यासाठी देणगीदारांची संख्या मोजली जाते. २०१९ च्या पहिल्या डेमोक्रॅटिक वादसभेला ६५,००० वेगवेगळे देणगीदार, त्यात २० राज्यांतून प्रत्येकी किमान २००, नाहीतर तीन सर्वेक्षणांत १ टक्का अशी अट होती. सप्टेंबरपर्यंत ती १,३०,००० देणगीदार आणि शिवाय चार सर्वेक्षणांत २ टक्के अशी झाली. म्हणून एका माणसाच्या हजार डॉलरपेक्षा हजार माणसांचा एकेक डॉलर मोलाचा.

अमेरिकेतल्या एडिसन किंवा फ्रीमॉन्टमधल्या मराठी मंडळींसाठी एक सावधगिरीची गोष्ट. ग्रीन कार्ड असेल तर देणगी देता येते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर एक डॉलरही देऊ नका, मित्राच्या कार्डावरूनही नाही. परदेशी नागरिकाची देणगी हा गुन्हा आहे, आणि दुसऱ्याच्या नावाने दिलेली देणगी हा वेगळा गुन्हा. बिनपगारी फोन करायला किंवा पत्रकं वाटायला हरकत नाही, पण पैसा कुठे खर्चायचा अशा निर्णयांच्या बैठकीत बसू नका. आणि सह्यांच्या कागदावर सही करू नका : तुम्ही मतदार नाही, त्यामुळे छाननीत ती बाद होईल आणि आपल्याच उमेदवाराची एक ओळ वाया जाईल.