वेंकटरामन रामकृष्णन : बडोद्यातले घर आणि रायबोसोम

वेंकटरामन (वेंकी) रामकृष्णन (जन्म १९५२, चिदंबरम, तामिळनाडू) : पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ. हे पारितोषिक त्यांना टॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांच्यासह विभागून मिळाले. जन्म तामिळ मुलखातला, मोठे संशोधन अमेरिका-इंग्लंडातले. पण वयाच्या तिसऱ्या वर्षापासून बी.एस्सी. होईपर्यंत ते बडोद्यात वाढले. त्यांच्या चरित्रात बडोदे बहुतेक ठिकाणी एका ओळीत आटोपते. आम्हा बडोदेकरांना ते खटकते, आणि केवळ गावाच्या अभिमानापोटी नव्हे. ज्या विषयाने त्यांना नोबेलपर्यंत नेले, तो जीवरसायनाचा विषय त्यांच्या बडोद्याच्या घरात आधीपासूनच नांदत होता.

वडील सी. व्ही. रामकृष्णन महाराजा सयाजीराव विद्यापीठात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख म्हणून आले. विद्यापीठ १९४९ चे, पण त्याची मुळे बडोदे कॉलेज (१८८१) आणि कलाभवन (१८९०) या संस्थानी काळातल्या संस्थांत आहेत. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांना ही सयाजीरावांची पुण्याई वाटते, ती उगाच नाही. नव्या विभागात साधने मात्र तुटपुंजी होती. एन्झाइम, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, वेगळे करताना ते थंड ठेवावे लागते, नाहीतर निकामी होते. त्यासाठी लागणारे शीत सेंट्रिफ्यूज (द्रव वेगाने फिरवून त्यातले घटक वेगळे करणारे, आतून थंड राहणारे यंत्र) नव्हते. वडिलांनी साध्या, कमी वेगाच्या सेंट्रिफ्यूजभोवती बर्फाच्या लाद्या रचल्या आणि काम सुरू केले.

आई आर. राजलक्ष्मी यांनी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातून मानसशास्त्रातली पीएच.डी. अवघ्या १८ महिन्यांत पूर्ण केली. पुढे त्या पोषणशास्त्राकडे वळल्या. इथे मिळणाऱ्या स्वस्त धान्य-भाज्यांतून लहान मुलांना पुरेसे पोषण कसे मिळेल, यावर त्यांनी पतीसोबत बडोद्यात केलेले काम आजही कुपोषणाबद्दल बोलताना आठवावे असे आहे. मुलाच्या कीर्तीमागे ते झाकले गेले, याची हळहळ वाटते.

वेंकींना मेडिकलला प्रवेश मिळाला होता. त्याच सुमारास राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यांनी मेडिकल सोडून विद्यापीठात भौतिकशास्त्र घेतले. १९७१ मध्ये बी.एस्सी. झाल्यावर ते अमेरिकेला गेले आणि १९७६ मध्ये ओहायो विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. पण मन रमेना. डॉक्टरेट हातात असताना ते कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला पुन्हा विद्यार्थी झाले आणि दोन वर्षे जीवशास्त्र पहिल्यापासून शिकले. आईवडिलांच्या विषयाजवळ ते आले ते असा लांबचा फेरा घेऊन, स्वतःच्या पायांनी. पुढे येल विद्यापीठात पीटर मूर यांच्याकडे रायबोसोमचे काम सुरू झाले. त्यानंतर नोकरीसाठी सुमारे ५० ठिकाणी अर्ज करूनही कुठेच जमले नाही. अखेर १९८३ मध्ये ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांचा जम बसला.

रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना. जनुकातला संदेश वाचून तो एकेक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा घटक, जोडत जातो. जीवाणूंत त्याचे दोन भाग असतात, ३०एस आणि ५०एस. दोन्ही मिळून ७०एस. बेरीज चुकलेली नाही. ‘एस’ हे वजनाचे नव्हे, सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगाने तळाशी बसतो याचे माप आहे. संदेश वाचण्याचे काम ३०एस भाग करतो. त्याचे स्फटिक करून, ते अतिथंड ठेवून त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि किरण कसे विखुरतात त्यावरून हजारो अणूंच्या जागा काढायच्या, असे हे काम. ही पद्धत विल्यम आणि लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी घडवली. त्यांना १९१५ चे नोबेल एकत्र मिळाले होते. रामकृष्णन १९९९ मध्ये पगारातली मोठी घट सोसून केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत गेले. ती प्रयोगशाळा १९४७ मध्ये सुरू झाली ती लॉरेन्स ब्रॅग यांच्याच कॅव्हेंडिश या केंब्रिजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत. २००० मध्ये रामकृष्णन यांच्या चमूने ३०एस भागाची रचना अणूंच्या पातळीवर प्रसिद्ध केली. योग्य अमिनो आम्ल आले की नाही हे रायबोसोम कसे पारखतो, ते त्यानंतर उलगडत गेले.

२०१० मध्ये पद्मविभूषण, २०१२ मध्ये ‘सर’ किताब, २०१५ ते २०२० रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद.

धाकटी बहीण ललिता रामकृष्णन यांनी भावाने सोडलेली वाट धरली. बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात शिकून त्या संशोधनात गेल्या, आणि झेब्राफिश या बोटाएवढ्या माशावर क्षयरोगाचा अभ्यास करून केंब्रिजलाच प्राध्यापक झाल्या. क्षयावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या ३०एस भागात नेमके कुठे जाऊन बसते, ते २००० मध्ये वेंकींच्या चमूने दाखवले होते.