वृक्षछायाचित्रण
वृक्षछायाचित्रण : भूदृश्यातील वृक्ष हाच मुख्य विषय मानून त्याची घडण, त्याच्यावर उमटलेला ऋतू आणि भोवतालच्या जमिनीशी असलेले त्याचे नाते छायाचित्रातून दाखविण्याची कला. वनस्पतिशास्त्रीय नोंदीसाठी काढलेल्या चित्रात पान, फूल, फळ व साल ओळखू आली की काम भागते. येथे मात्र एक विशिष्ट झाड विशिष्ट जागी कसे उभे आहे, याला महत्त्व असते. भूदृश्यचित्रणाचीच ही एक शाखा असली, तरी तिची मुख्य अडचण स्वतंत्र आहे. झाड बहुधा दुसऱ्या झाडांसमोर उभे असते आणि हिरव्यावर हिरवे उठून दिसत नाही. प्रत्यक्ष पाहताना दोन डोळ्यांमुळे आणि चालता चालता बदलणाऱ्या दृष्टिकोनामुळे पुढची फांदी कोणती व मागची कोणती हे सहज कळते. एका भिंगातून सपाट पृष्ठावर उतरलेल्या चित्रात हा आधार नाहीसा होतो. रानात भव्य वाटलेला वृक्ष चित्रात नुसता पाल्याचा ढीग दिसतो, तो यामुळेच.

म्हणून कॅमेरा रोखण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारणे हे या कलेतील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित काम होय. त्या फेरीत झाडाचा इतिहास वाचता येतो. मोकळ्यावर एकटे वाढलेले झाड खालपासून फांद्या फेकून डेरेदार होते. दाटीत वाढलेल्या त्याच जातीच्या झाडाच्या खालच्या फांद्या सावलीत मरून जातात आणि सरळसोट खोडावर आखूड शेंडा उरतो. समुद्रकाठी किंवा डोंगरमाथ्यावर वाऱ्याकडच्या बाजूचे अंकुर जळून जात असल्याने सगळा पर्णसंभार एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसतो. अशा झाडापुढे, त्या दिशेला, चौकटीत मोकळी जागा सोडली तर दिसत नसलेला वाराही चित्रात येतो. फांद्यांच्या रचनेकडे अभ्यासकांचे लक्ष फार पूर्वीपासून आहे. कोणत्याही उंचीवरील सर्व फांद्यांची एकत्रित जाडी खोडाच्या जाडीइतकी भरते, असे निरीक्षण लिओनार्दो दा व्हिंची यांनी नोंदविले होते, तर फ्रान्सिस हाले व रोएलोफ ओल्डमन यांनी 1970 मध्ये वृक्षांच्या वाढीचे मूळ आराखडे मांडले. ही घडण पानगळीनंतर सर्वांत स्पष्ट दिसते. बहराच्या दिवसांची चित्रे लोकांना अधिक आवडतात हे खरे, पण झाडाचा स्वभाव निष्पर्ण अवस्थेतच कळतो.

झाड पार्श्वभूमीतून सोडविण्याचे मार्ग मुख्यतः प्रकाशाचे आहेत. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असेल, तर पानांच्या मेणचट पृष्ठावरून प्रकाश परततो व रंग फिका पडतो. सूर्य झाडामागे असेल, तर तोच प्रकाश पानातून गाळून येतो आणि पाने पोपटी उजळतात, खोड काळे होते, मागचे रान सावलीत जाते. धुके याहून सोपे साधन आहे : दूरच्या झाडावर धुक्याचे अधिक थर चढत असल्याने ते पुसट होते व जवळचे एकटे गडद उरते. खाली वाकून आकाशाची पार्श्वभूमी घेणे हा नेहमीचा उपाय, मात्र पांढुरक्या आकाशावर बारीक डहाळ्या विरून जातात. दाट रानात कडक उन्हापेक्षा ढगाळ हवा बरी, कारण कवडशांमधील उजेड आणि सावली यांच्यातील अंतर चित्राला पेलत नाही. पानांवरील चकाकी ध्रुवण फिल्टरने कमी होते, पण त्यासाठी दीड ते दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) प्रकाश खर्ची पडतो आणि वारा असेल तर शटर तितका वेळ उघडे ठेवणे परवडत नाही. ट्रायपॉड कॅमेरा स्थिर करतो, झाड नव्हे.

वारा व हिरवा रंग या दोन अडचणी या कलेच्या आरंभापासूनच्या आहेत. सुरुवातीची रसायने मुख्यतः निळ्या व अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्यामुळे पालवी काळवंडलेली येई आणि चित्र उमटायला दीर्घ काळ लागत असल्याने हलणारी पाने पुसली जात. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी 1842-43 च्या सुमारास टिपलेला ओक हिवाळ्यातला, निष्पर्ण आहे. त्या तंत्राला तेच झेपण्यासारखे होते. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी फाँतेनब्लोच्या जंगलात पाल्यातला उजेडच चित्रविषय केला. हेर्मान फोगेल यांनी 1873 मध्ये रंजकद्रव्य मिसळून रसायनाला हिरव्या प्रकाशाची जाण दिली. रॉबर्ट वुड यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अवरक्त (तांबड्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी घेतलेल्या) चित्रांत पाने उलट बर्फासारखी पांढरी आली, कारण पानांच्या आतील पेशीरचना अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते.

उंची हा निराळा प्रश्न आहे. कॅमेरा वर रोखला की खोड मागे कलल्यासारखे दिसते. दूर जाणे, समोरच्या उंचवट्यावरून टिपणे किंवा सरकते भिंग (कॅमेरा न कलवता वर सरकविता येणारे) वापरणे हे त्यावरचे उपाय. कार्लटन वॉटकिन्स यांनी 1861 मध्ये कॅलिफोर्नियातील मॅरिपोसा येथील राईतील महाकाय सिकोया (सूचिपर्णी वृक्ष) सुमारे 46 × 56 सेंमी.च्या काचांवर टिपले व मापासाठी बुंध्यापाशी माणसे उभी केली. 1864 मध्ये त्या राईला कायद्याने संरक्षण मिळाले, त्यात या चित्रांचाही वाटा मानला जातो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘प्रेसिडेंट’ या सिकोयाचे संपूर्ण चित्र 126 छायाचित्रे जोडून तयार करावे लागले.

प्रसिद्धी मात्र झाडाला नेहमीच मानवते असे नाही. जपानमधील बिएई येथील शेतातला ‘तत्त्वज्ञ वृक्ष’ हा एकाकी पॉपलर टिपण्यासाठी येणारे लोक पीक तुडवीत. 2016 मध्ये शेतमालकाने तो पाडला. कॅलिफोर्नियातील 4,800 वर्षांहून जुन्या ‘मेथुसेला’ या पाइनची नेमकी जागा जाहीर केली जात नाही. सुमारे 116 मी. उंचीच्या ‘हायपेरियन’ या रेडवूडकडे पायवाट नसतानाही लोक जाऊ लागले आणि त्याच्या बुंध्याभोवतीची झुडपे नाहीशी झाली. 2022 पासून तो परिसर बंद असून आत शिरणाऱ्यास 5,000 डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.